व्हायरस काढला तरी परत येतो? फ्री की पेड हे ठरवायच्या आधी हे तपासा

अँटीव्हायरस फ्री आहे म्हणून व्हायरस येतोय का, पैसे भरून चांगला घेतला तर थांबेल का, हा प्रश्न मला घरात, सोसायटीत, ऑफिसात सगळीकडे विचारतात. आणि कहाणी सगळ्यांची सारखीच असते. कॉम्प्युटर स्लो झाला, कोपऱ्यात पॉपअप यायला लागले, स्कॅन केलं, काहीतरी सापडलं, ते काढलं, चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच सुरू. मग दुकानवाला म्हणतो फ्रीवाला काढा, पेड टाका. पेड टाकतात, आणि थोड्या दिवसांनी परत तोच पॉपअप, म्हणजे पैसेही गेले आणि त्रासही तसाच.

माझं मत आधीच सांगून टाकते. विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या कॉम्प्युटरला विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरतो, तो फुकट आहे आणि वेगळा टाकावा लागत नाही. पेड घ्यायची काही खरी कारणं आहेत, ती पुढे लिहिते, पण व्हायरस परत परत येतोय हे त्यातलं कारण नाही. तोच व्हायरस परत येतो तेव्हा आपणच कुठून तरी त्याला पुन्हा आत घेत असतो, आणि ती जागा सापडल्याशिवाय कितीही अँटीव्हायरस बदलले तरी फरक पडत नाही.

सगळ्यात आधी, तो खरंच व्हायरस आहे का ते बघा. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात "तुमच्या पीसीमध्ये ५ व्हायरस सापडले", "तुमचं अँटीव्हायरस लायसन्स संपलं, लगेच रिन्यू करा" असे लाल रंगाचे मेसेज येत असतील तर त्यावर क्लिक करू नका, नुसतं नीट वाचा. त्या चौकोनात वर किंवा खाली बारीक अक्षरात क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव असतं आणि त्याच्या शेजारी एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता. असं दिसलं तर तो मेसेज तुमच्या अँटीव्हायरसचा नाहीच, ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. कधीतरी पिक्चर बघताना किंवा पीडीएफ डाउनलोड करताना एखाद्या साइटने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा" असं म्हटलं आणि घरातल्या कोणीतरी अलाउ दाबलं, एवढंच झालेलं असतं. यात बहुतेकदा कॉम्प्युटरमध्ये काहीही घुसलेलं नसतं, म्हणूनच स्कॅन केलं तर काही सापडत नाही आणि लोकांना वाटतं की अँटीव्हायरस भंगार आहे.

उपाय अगदी सोपा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथे जा. ज्या साइट्सना परवानगी दिलीय त्यांची यादी दिसेल, त्यात न ओळखीचं जे जे असेल ते काढून टाका, आणि वरती साइट्सनी नोटिफिकेशनसाठी विचारूच नये असा पर्याय आहे तो निवडा. एजमध्येही परवानग्यांच्या सेटिंगमध्ये अशीच यादी मिळते. घरी आईवडील कॉम्प्युटर वापरत असतील तर हे एक काम आजच करून ठेवा, कारण याच पॉपअपवर क्लिक करून पुढे फोन नंबर दिलेला असतो, तिकडे फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्क (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगतो आणि बँकेचं खातं उघडायला लावतो. असं झालंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, सकाळी बघू म्हणून थांबू नका. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे अडवता येण्याची शक्यता खूप जास्त असते.

आता समजा तो खरंच व्हायरस आहे, डिफेंडर नाव सांगतोय, काढल्याचं सांगतोय आणि दुसऱ्या दिवशी तेच नाव परत. इथे मामेभावाच्या कॉम्प्युटरवर काय निघालं ते सांगते, कारण हे मी अनेकांकडे बघितलंय. विंडोज सिक्युरिटी उघडलं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी बघितली तर एकच नाव खालीवर सगळीकडे. मग त्याच पानावर मॅनेज सेटिंग्जमध्ये गेले आणि अगदी तळाला एक्सक्लूजन्स म्हणून भाग असतो तो उघडला. एक्सक्लूजन्स म्हणजे ज्या फोल्डरांकडे अँटीव्हायरसने बघायचंच नाही त्यांची यादी. बहुतेक घरी ती रिकामी असायला हवी. त्याच्याकडे त्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह होता! म्हणजे जिथे विंडोज आहे, जिथे सगळे प्रोग्राम आहेत, तो पूर्ण ड्राइव्हच तपासायचा नाही असं अँटीव्हायरसला सांगून ठेवलेलं, आणि वर हिरवी टिकमार्क की सगळं ठीक आहे. जे काही सापडत होतं ते फक्त डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर येऊन पडणारं पिल्लू, मूळ प्रकरण सी मध्ये आरामात बसलेलं.

हे तिथे आलं कसं तर क्रॅकमधून, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायच्या चोरट्या फाइलीतून. विंडोज अॅक्टिव्हेट करायचा क्रॅक, ऑफिसचा क्रॅक, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, गेमचा क्रॅक, यातल्या जवळजवळ प्रत्येक झिप फाइलमध्ये एक सूचना असते की आधी अँटीव्हायरस बंद करा. आपण बंद करतो, क्रॅक चालवतो, परत चालू करतो आणि वाटतं झालं. पण मधल्या वेळेत अॅडमिनची परवानगी मिळालेली असते आणि त्या परवानगीने तो क्रॅक स्वतःचं नाव एक्सक्लूजनमध्ये टाकून ठेवतो, शिवाय ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावून ठेवतो की कॉम्प्युटर चालू झाला की मला परत डाउनलोड कर. मग तुम्ही फाइल डिलीट करा नाहीतर क्वारंटाइन करा, म्हणजे वेगळी कोंडून ठेवा, उद्या ती परत हजर. आणि पेड अँटीव्हायरस असला तरी इथे फरक पडत नाही, कारण तोही आपण आपल्या हातानेच बंद केलेला असतो. हजार दोन हजार रुपये भरून घेतलेला अँटीव्हायरस क्रॅकसाठी बंद करायचा हे मला खरंच कळत नाही. ऑफिस परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, आणि मराठी टाइप करायला विंडोजमध्ये कीबोर्ड आधीच असतो, त्यासाठी काही क्रॅक करायची गरजच नाही.

अशा वेळी करायचं काय? एक्सक्लूजनमधलं ओळखीचं नाही ते सगळं काढा. तिथेच अलाउड थ्रेट्स नावाची यादी असते, त्यात काही असेल तर तेही काढा. टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे का बघा, ते दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलू देत नाही. मग ज्या क्रॅकमुळे हे झालं तो प्रोग्राम अनइन्स्टॉल करा आणि डाउनलोड्समधली त्याची झिप पण डिलीट करा, नाहीतर सहा महिन्यांनी घरातलंच कोणीतरी परत चालवेल. त्यानंतर स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. हा साधा क्विक स्कॅन नाही, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधी तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या गोष्टी पण सापडतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात, जुनी हार्ड डिस्क असेल तर जास्त. सुरू करायच्या आधी उघड्या फाइली सेव्ह करा. नंतर खात्रीसाठी मालवेअरबाइट्सचा फ्री स्कॅन एकदा मारायला हरकत नाही, तो कायमचा ठेवायची गरज नाही.

इतकं करूनही आलंच तर सरळ बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाका. फक्त फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेंट एवढंच घ्या, सेटअप फाइली घेऊ नका. आणि विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून डाउनलोड करून टाका, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या "रेडी" पेनड्राइव्हवरून टाकून घेतलंत तर बऱ्याचदा त्याच्यातच अॅक्टिव्हेटर बसवलेला असतो आणि तुम्ही पहिल्या दिवसापासूनच परत तिथेच.

ब्राउझरचं होमपेज बदलतंय, सर्च केलं की भलत्याच साइटवर जातंय, एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढलं तरी परत येतंय, हा वेगळा प्रकार. बरेचदा ते क्रोमच्या सिंकमधून, म्हणजे एकाच अकाउंटच्या सगळ्या मशीनवर सारखंच सगळं ठेवणाऱ्या सोयीतून येतं. घरच्या कॉम्प्युटरवरून काढलं पण त्याच गूगल अकाउंटने ऑफिसच्या किंवा मुलाच्या लॅपटॉपवर ते अजून आहे, मग सिंक होऊन ते परत इकडे. म्हणून आधी सिंक बंद करा, सगळ्या मशीनवरून ते एक्स्टेंशन काढा, मग सिंक चालू करा. आणि घरच्या कॉम्प्युटरच्या क्रोमच्या मेनूत खाली "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" असं दिसत असेल तर जरा सावध व्हा, काही अँटीव्हायरसमुळे किंवा साध्या प्रोग्राममुळेही ते दिसतं, पण काढता न येणारी एक्स्टेंशन्स पण याच मार्गाने बसवली जातात.

मग पेनड्राइव्ह. आपल्याकडे हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट त्रास आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला, घरी आणला, तर आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. कॉलेजच्या अॅडमिशनच्या दिवसांत तर त्या दुकानातल्या एका कॉम्प्युटरला दिवसभरात किती जणांचे पेनड्राइव्ह लागत असतील विचार करा. तुमच्या फाइली गेलेल्या नसतात, त्या हिडन केलेल्या असतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवलेला असतो, त्यावर डबलक्लिक केलं की फोल्डर तर उघडतंच पण मागे व्हायरस पण चालतो. त्यामुळे डबलक्लिक करायचंच नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये हिडन आयटम्स दिसतील असं करा, शिवाय फोल्डर ऑप्शन्समधलं सिस्टिम फाइली लपवणारं टिकमार्क तेवढ्यापुरतं काढा, खरी फोल्डरं फिकट रंगात दिसतील. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, हव्या त्या फाइली कॉपी करून घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि ते टिकमार्क परत लावा.

इथे डिफेंडरची एक कमजोरी मान्य करायलाच हवी. तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, बराच अवलंबून आहे, ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था अँटीव्हायरस तपासते, तिच्या चाचण्यांमध्ये इंटरनेट बंद असताना डिफेंडरची पकड इतर बऱ्याच जणांपेक्षा कमी दिसत आलीय. म्हणजे गावाकडे नेट नसताना पेनड्राइव्ह लावायचा असेल तर जपून, शक्यतो मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मगच पेनड्राइव्ह लावा. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते, २०१७ पासून आहे, त्यांच्या साइटवर बॉट (कॉम्प्युटर दुरून दुसऱ्याच्या ताब्यात देणारे व्हायरस) काढायची फुकट टूल्स मिळतात आणि यूएसबी प्रतिरोध नावाचं एक टूल पेनड्राइव्हवर लक्ष ठेवण्यासाठीच आहे. याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. पण सगळ्यात चांगलं म्हणजे दुकानात पेनड्राइव्ह नेऊच नका, पीडीएफ त्यांच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवा, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचं स्वतःचं ईमेल लॉगिन तर अजिबात करू नका.

अजून एक गोष्ट राहिली, एकाच कॉम्प्युटरवर दोन अँटीव्हायरस. नवीन लॅपटॉपमध्ये कंपनीने टाकून दिलेला ट्रायल असतो, तो संपतो, मग वरून कोणीतरी फ्रीवाला टाकतं, मग दुकानवाला पेड टाकून देतो. दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, हे बरोबरच आहे, पण तो ट्रायल संपून नुसता पडून असेल तर गोंधळ होतो, अपडेट येत नाहीत आणि कोण राखण करतंय तेच कळत नाही. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स म्हणून आहे तिथे बघा, नक्की कोण चालू आहे ते दिसतं. संपलेला असेल तो अनइन्स्टॉल करा, साध्या पद्धतीने पूर्ण निघत नसेल तर बहुतेक कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल देतात ते वापरा, आणि रीस्टार्ट करून डिफेंडर जागा झाला का ते परत तपासा. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवल्याने दुप्पट सुरक्षा मिळत नाही, ते एकमेकांच्या फाइलींवर अडून बसतात आणि मशीन रांगायला लागतं.

आता पैशांचं. डिफेंडर पूर्वी खरंच कमी पडायचा, विंडोज ७ च्या काळात तर तो व्हायरससाठी नव्हताच, मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळं टाकावं लागायचं, त्यामुळे "विंडोजचा अँटीव्हायरस काही कामाचा नाही" हे तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून तो आतच येतो, आणि जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या चाचण्यांमध्ये गेली काही वर्षं तो पेडवाल्यांच्या बरोबरीचे गुण घेतोय. दुसऱ्या बाजूला, ज्या कंपन्यांचे फ्री आणि पेड असे दोन्ही प्रकार असतात त्यांच्यात व्हायरस ओळखणारं इंजिन बहुतेकदा एकच असतं. पैसे भरून जे वाढतं ते व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, मुलांसाठी कंट्रोल, जास्त डिव्हाइस, फोनवर मदत हे सगळं. यातलं तुम्हाला काही लागतंय का एवढाच प्रश्न आहे.

बाहेरचा फ्रीवाला मात्र मी सुचवत नाही. फुकट देणारी कंपनी कुठून तरी पैसे काढतेच. अवास्टचं प्रकरण आठवा, लोक कुठल्या साइट्स बघतात ती माहिती त्यांची जंपशॉट नावाची कंपनी विकत होती, जानेवारी २०२० मध्ये ते बाहेर आलं आणि जंपशॉट बंद करावी लागली, पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखण करायला ठेवलेल्या सॉफ्टवेअरनेच हे करावं याचा मला आजही राग येतो. आणि अवास्ट नको म्हणून एव्हीजी, ते नको म्हणून अविरा, असं फिरणाऱ्यांनी हेही बघा की अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन हे चारही आज जेन डिजिटल या एकाच कंपनीचे आहेत.

पेड कोणी घ्यावा? घरी वयस्कर माणसं एकटी राहतात, मुलं बाहेरगावी किंवा परदेशात, आणि काही झालं तर फोन करायला किंवा घरी येऊन बघायला कोणीतरी हवं, तर घ्या, पैसे सत्कारणी लागतात. पुण्याचं क्विक हील याच जोरावर वाढलं, कैलास काटकरांचं सुरुवातीला दुरुस्तीचं दुकान, भाऊ संजय काटकरांनी अँटीव्हायरस लिहिला, २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, आणि आजही तालुक्याच्या गावात त्यांचा डीलर सापडतो. तुमच्या भागात ज्याचा डीलर ओळखीचा आणि भरवशाचा आहे तो घ्या, मी म्हणेन ब्रँडपेक्षा हे जास्त बघा. घरच्याच कॉम्प्युटरवर दुकानाचं टॅली किंवा क्लायंटच्या फाइली असतील तरी घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या आधी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, बॅकअप झाला की ती काढून कपाटात ठेवा. फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, आला तर जोडलेली डिस्क पण लॉक होते, काढून ठेवलेली होत नाही. डिफेंडरमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस म्हणून आहे, ते मुळात बंद असतं, चालू करा, सुरुवातीला एखादा चांगला प्रोग्राम अडवेल तर त्याला परवानगी द्यायची.

पेड घेतलात तर पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, रिन्यूअलला किती पडेल ते आधी विचारा. ऑनलाइन घेताना ऑटो रिन्यूअलची टिक काढा, कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज आला की वाचा. आणि "तुमचा अँटीव्हायरस इतक्या हजारांना रिन्यू झाला, रद्द करायला या नंबरवर फोन करा" असा ईमेल आला तर तो फसवणुकीचा समजा, लायसन्स बघायचं तर सॉफ्टवेअर उघडून आत बघा.

ज्यांचं अजून विंडोज १० आहे त्यांच्यासाठी महत्त्वाचं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नवीन व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण विंडोजमधलीच भोकं बुजवणारे पॅच त्यात येत नाहीत, आणि कितीही महागडा अँटीव्हायरस घेतला तरी ते पॅच तो देऊ शकत नाही. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करणारा व्हायरस पसरला तेव्हा पॅच दोन महिने आधीच आलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले. म्हणून अँटीव्हायरसवर खर्च करायच्या आधी मशीन विंडोज ११ घेतं का बघा. घेत नसेल तर मायक्रोसॉफ्टची घरगुती वापरासाठी वाढीव अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न भरता मिळते.

सगळं साफ झाल्यावर पासवर्ड बदलायला विसरू नका, आणि ते मोबाइलवरून बदला, त्याच कॉम्प्युटरवरून नको. क्रॅकमधून येणारे हल्लीचे बरेच व्हायरस ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन दोन्ही उचलतात, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं, आणि प्रत्येक ठिकाणी "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" दाबायचं.